तबेल्याच्या दारातला इमानदार

माझा भाचा पुण्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकतो. उन्हाळ्याच्या सुटीत तो आमच्याकडे आला तेव्हा कपड्यांच्या पिशवीपेक्षा जड असा सात पुस्तकांचा संच घेऊन आला. सी. एस. लुईस यांची नार्नियाची मालिका. कूलरसमोर पालथे पडून त्याने सहा पुस्तके आठ दिवसांत फस्त केली. सातवे अर्ध्यावर आले आणि त्याने ते मिटून ठेवले. त्यातले एक चित्र मला दाखवले. पगड्या, दाढ्या, वाकड्या तलवारी. म्हणाला, "मामू, ये लोगां अपनेच है ना?"

मी मास्तरी उत्तर दिले. म्हटले, परीकथा आहे बाबा, तिच्यात आपले कोण आणि परके कोण! तो तेवढ्यावर गप्प बसला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण तो म्हणाला, "परीकथा है तो हर बार अपनेच कायको?"

तीस वर्षे मराठी शिकवली, पण या 'कायको'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी ते पुस्तक वाचले. मग मागची सहा वाचली आणि सातवे पुन्हा वाचले.

'द लास्ट बॅटल' हे या मालिकेचे शेवटचे पुस्तक. मालिका १९५० साली सुरू झाली आणि १९५६ साली या पुस्तकाने संपली. ब्रिटनमध्ये बालसाहित्यासाठी दिले जाणारे कार्नेगी पदक त्याला मिळाले. लेखक बेलफास्टचे, जन्म १८९८ चा. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले, तारुण्यात नास्तिक, १९३१ साली ख्रिस्ती श्रद्धेकडे परतलेले. ऑक्सफर्डला आणि १९५४ नंतर केंब्रिजला ते मध्ययुगीन साहित्याचे जाणकार म्हणून नावाजले गेले. या शेवटच्या गोष्टीचा पुढे संबंध येणार आहे.

कथा थोडक्यात अशी. नार्निया हा बोलत्या प्राण्यांचा देश. त्याचा कर्ताधर्ता अस्लान नावाचा सिंह. तो केव्हातरी येतो, संकट निवारतो, जातो. शेवटच्या पुस्तकात तो फार दिवसांत आलेला नाही. शिफ्ट नावाच्या एका लबाड माकडाला पाण्यात सिंहाचे कातडे सापडते. ते तो आपल्या भोळ्या गाढवाच्या अंगावर चढवतो आणि रात्रीच्या अंधारात लांबून दाखवून जाहीर करतो की अस्लान परत आला. (वाघाचे कातडे पांघरलेले गाढव आपल्याकडे पंचतंत्रात आहे. लुईसच्या गाढवाला निदान लाज वाटते.) मग या खोट्या अस्लानच्या नावाने जंगले तोडली जातात, लाकूड दक्षिणेच्या कॅलोर्मेन साम्राज्याला विकले जाते, बोलते घोडे ओंडके ओढायला जुंपले जातात. प्राणी कुरकुरतात तेव्हा माकड सांगते की तुमचा अस्लान आणि कॅलोर्मेनांचा देव ताश हे दोघे एकच आहेत. नाव पाडले जाते 'ताशलान'. पुढे लढाई होते, नार्नियाचा राजा टिरियन हरतो, एका तबेल्याच्या दारातून सगळे आत ढकलले जातात आणि आत तबेला नसतोच. आत असतो स्वर्ग. बाहेर जग संपते.

बेइमानी करणाऱ्यांच्या तोंडी देवाचे नाव कसे शोभून दिसते हे बारा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत लिहिणारे फार लेखक नाहीत. पुस्तक ताकदीचे आहे. टाकाऊ असते तर मी त्यावर शाई खर्च केली नसती.

आता कॅलोर्मेन. लॅटिनमध्ये 'कॅलोर' म्हणजे उष्णता. वाळवंटापलीकडचा हा देश. त्याच्या राजधानीचे नाव ताशबान, राजाचे बिरुद तिसरॉक. राजाचे नाव घेताना दर वेळी त्याला चिरायुष्य चिंतावे लागते. सरदार ते तरकान. नाण्याचे नाव 'क्रेसेंट', म्हणजे चंद्रकोर. माणसे सावळी, दाढीवाली, पगडीवाली. गुलामांचा व्यापार करणारी, क्रूर आणि मिठ्ठास बोलणारी. एका प्रसंगात पकडायला आलेल्या सैनिकांच्या अंगाला कांद्याचा आणि लसणाचा वास येतो, आणि काळ्या चेहऱ्यात डोळ्यांचे पांढरे भयानक चमकते. कांद्या-लसणाच्या वासावरून दुष्ट ओळखायचा झाला तर आमच्या लासलगावच्या मार्केट यार्डात संध्याकाळपर्यंत एकही सज्जन सापडायचा नाही!

हसून सोडून द्यावे असे वाटते. पण एक गोष्ट हसू देत नाही. या लोकांचा देव ताश हा चार हातांचा आहे. गिधाडाचे डोके, वीस नख्या, समोर नरबळी. ज्यांना चंद्रकोर आणि पगडी दिली त्यांना देव मात्र चतुर्भुज दिला. मूर्तीसमोर डोके टेकवणे ज्या धर्मात मना आहे त्या धर्माच्या माणसांचे कपडे चढवून त्यांना मूर्तिपूजक केले. हे लुईसच्या अज्ञानातून झालेले नाही. ते मध्ययुगीन साहित्याचे पंडित होते, असे वर म्हटले ते यासाठी. अकराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समध्ये रचल्या गेलेल्या रोलांच्या वीरगाथेत मुसलमान हे महंमद, अपोलिन आणि तेर्वागान अशा तीन देवांच्या मूर्ती पुजताना दाखवले आहेत, आणि लढाई हरल्यावर त्याच मूर्ती लाथाडतानाही. ताश हा त्या तेर्वागानचा नातू आहे. नऊशे वर्षांपूर्वीचे ते गाठोडे ऑक्सफर्डच्या कपाटातून निघाले, त्यात हिंदुस्थानातून आलेले चार हात खोचले गेले आणि १९५६ साली मुलांच्या हातात पडले.

या गाठोड्यात आपण एकटे नाही, हे आपल्या हिंदू मित्रांनीही लक्षात घ्यावे. पगडी आमची असेल, पण चार हात कुणाचे? लांबून पाहणाऱ्याला पूर्वेकडचे सगळे एकाच डोळ्याने दिसते. आपण इथे एकमेकांकडे ज्या नजरेने बघतो ती नजर आपल्या दोघांना एकत्र बांधून ठेवणाऱ्याची आहे का, हा विचार एकदा करावा.

आणि गंमत पाहा. अस्लान हे नाव कुठून आले? लुईस यांनीच एका पत्रात लिहून ठेवले आहे की एडवर्ड लेन यांच्या अरबी सुरस कथांच्या भाषांतराच्या टिपांमध्ये त्यांना ते सापडले. तो सिंहाला असलेला तुर्की शब्द आहे. अर्सलानही तोच. १०७१ साली मान्झिकर्टच्या लढाईत बायझंटाईन सम्राटाला पकडणारा सेल्जुक सुलतान अल्प अर्सलान. आज आपल्या घराघरांत या नावाची मुले आहेत. म्हणजे नार्नियाच्या देवाला नाव आमच्या घरातले आणि त्याच्या शत्रूंना कपडे आमच्या घरातले. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो आधी खदखदून हसला. "मतलब हमारे क्लास का अर्सलान...?" मग एकदम म्हणाला, "फिर वो उनकी तरफ कायको है?"

आमच्या वस्तीत एक छोटे वाचनालय आहे. भाच्याने जाताना तो संच तिथे देऊन टाकायचे ठरवले आणि दोन बाजू माझ्या अंगावर आल्या.

पहिली बाजू आमच्याच एका बुजुर्गांची. त्यांना दोन पाने वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, मास्तर, असली किताब ठेवायचीच कशाला? आपल्या पोरांनी आपल्याविरुद्धचे विष स्वतःच्या पैशाने चाखायचे का? त्यांचा राग खोटा नव्हता. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आणि त्याआधीपासूनही आपण मराठी कादंबरीतल्या खलनायकाच्या दाढीबद्दल बोलत आलो आहोत. आता इंग्रजी माध्यमात गेलेली आपली पोरे तीच दाढी इंग्रजीत वाचताहेत.

तरीही मी त्यांना नाही म्हटले. याच पुस्तकात काही बुटके आहेत. माकडाने खोटा सिंह दाखवून त्यांना एकदा फसवले. त्यानंतर ते ठरवतात की आता कुणाचेच ऐकायचे नाही, बुटके बुटक्यांचे. त्यांनाही तबेल्यात ढकलले जाते. भोवती ऊन, फुले, मेजवानी; पण त्यांना दिसतो तो अंधार, आणि मेजवानीची चव लागते शिळ्या सलगमासारखी. मी बुजुर्गांना म्हटले, चाचा, हे बुटके मला आपल्या मोहल्ल्यात रोज भेटतात. एकदा फसलो म्हणून कायमचे डोळे मिटून बसलेले. ज्या लेखकाने आपल्याला कांद्याचा वास लावला त्यानेच आपला हा रोग इतका अचूक लिहिला आहे. ते सोडून द्यायचे? चाचा म्हणाले, "तुम्हारा क्या, तुम तो हर चीज में सबक ढूंढते." तिथे ती चर्चा थांबली. त्यांना मी पटलो नाही.

दुसरी बाजू माझ्या एका पुरोगामी मित्राची. तो इंग्रजीचा प्राध्यापक. माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. तो म्हणाला, तू उगाच चिडतोस. लुईसवर हा आरोप जुना आहे. फिलिप पुलमन यांनी १९९८ साली 'गार्डियन'मध्ये नार्नियाची सालटी काढली. पण तू एमेथला विसरतोस. एका कॅलोर्मेन शिपायाला लुईसने स्वर्गात घेतले आहे. १९५६ साली एक ख्रिस्ती लेखक परधर्मीयाला स्वर्ग देतो, आणखी काय पाहिजे तुला?

मला काय पाहिजे ते सांगतो. त्यासाठी एमेथची गोष्ट नीट सांगावी लागेल.

एमेथ हा कॅलोर्मेनच्या सैन्यातला तरुण अधिकारी. लहानपणापासून ताशचा भक्त. त्याला एकदा पाहावे ही त्याची आस. नार्नियावर स्वारी म्हटल्यावर तो खूश होतो, पण व्यापाऱ्याच्या वेषात चोरून जायचे आहे कळल्यावर त्याला शरम वाटते. त्याला उघड लढाई हवी आहे. ताश आणि अस्लान एकच असे त्याच्या कानी येते तेव्हा त्याच्या श्रद्धेला घाव बसतो. तबेल्यात ताशलान आहे, ज्याला पाहायचे त्याने आत जावे, अशी हाक येते. त्याचा सेनापती रिश्दा याचा कुठल्याच देवावर विश्वास नाही. आत मारेकरी उभा केला आहे हे त्याला ठाऊक आहे. तो एमेथला अडवू पाहतो. एमेथ म्हणतो, मला माझ्या देवाचे दर्शन घेऊ द्या, मग मरण आले तरी चालेल. तो आत जातो, मारेकऱ्याला मारतो, आणि पाहतो तर हिरवळ, ऊन. ताशला शोधत तो चालत राहतो आणि समोर येतो तो सिंह.

एमेथ त्याच्या पायाशी पडतो. त्याला वाटते, संपले. आयुष्यभर आपण चुकीच्या दारात उभे होतो. सिंह त्याला जवळ घेतो आणि सांगतो: ताश आणि मी एक नाही, आम्ही एकमेकांच्या उलट आहोत. म्हणूनच तू ताशच्या नावाने जे चांगले केलेस ते माझ्या खाती जमा आहे. चांगले काम ताशला पोचूच शकत नाही आणि वाईट काम मला. ताशची शपथ घेऊन कुणी ती इमानाने पाळली, तर त्याने नकळत माझीच शपथ घेतली होती. माझ्या नावाने कुणी क्रौर्य केले तर ती सेवा ताशची. शेवटी एमेथ म्हणतो की मी कुत्र्यासमान असताना त्याने मला प्रिय म्हटले. तिथे बोलते कुत्रे हजर असल्यामुळे ते जरा नाराज होतात. लुईस विनोदही करून घेतात.

आणखी एक सांगतो, जे माझ्या मित्राला माहीत नव्हते. एमेथ हा हिब्रू शब्द आहे. अर्थ: सत्य, निष्ठा. ज्या धातूपासून तो झाला त्याच धातूचे अरबी रूप आपल्या तोंडात रोज असते. अमीन, अमानत, ईमान. मराठीत आले ते इमान. इमानदार, बेइमान, इमानेइतबारे. म्हणजे लुईसने या पोराचे नावच इमान ठेवले आहे.

आणि या इमानाचे पुढे काय केले? त्याला सांगितले की तुझे इमान तुझ्या घरचे नव्हतेच. ते आमचे होते, चुकून तुझ्या पत्त्यावर आले होते.

माझा आक्षेप हा आहे. कांदा-लसूण मी सोडून देतो, पगडी सोडतो, वाकडी तलवारही सोडतो. तो त्या काळाचा मळ आहे आणि धुता येतो. पण एमेथला ज्या अटीवर आत घेतले ती अट या पुस्तकाच्या हृदयात आहे, आणि लोक तिलाच औदार्य म्हणतात. हिशेब कसा मांडला आहे पाहा. कॅलोर्मेनमध्ये जे वाईट ते ताशचे. कॅलोर्मेनमध्ये जे चांगले ते अस्लानचे. मग ताशच्या घरात उरले काय? शून्य. इतक्या मोठ्या देशात पिढ्यान्‌पिढ्या कुणी तहानलेल्याला पाणी पाजले असेल, कुणी अनाथाला पोसले असेल, कुणी खोटे बोलायला नकार देऊन नोकरी घालवली असेल. त्या सगळ्यांची जमा परस्पर शेजारच्या देशाच्या वहीत लिहिली जाते. आमच्या सावकारांनाही असा हिशेब सुचला नसता.

हे मी पुस्तकात शोधून काढलेले नाही, आयुष्यात ऐकलेले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत माझे एक सहकारी डबा खाता खाता म्हणाले, "काय सर, तुम्ही अजिबात तसे वाटत नाही हं!" प्रेमाने म्हणाले. शेव-भाजीतली अर्धी माझ्या ताटात वाढली. मीही हसलो, बरे वाटले. घरी येऊन वडिलांना सांगितले. वडील दर्जी होते, चौथी शिकलेले. त्यांनी मशीन थांबवून विचारले, "तसे म्हणजे कसे?" मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "म्हंजे मी तसा, आन् तू न्हाई?"

माझे मराठी, माझा वक्तशीरपणा, उधार घेतलेले पुस्तक वेळेवर परत करण्याची सवय, ज्या गुणांमुळे मी 'तसा' वाटत नव्हतो ते सगळे गुण मी त्या मशीनशेजारी बसून शिकलो होतो. कापलेल्या कापडातला वाव उरला तर तो गिऱ्हाइकाला परत करणाऱ्या माणसाकडून. सहकाऱ्याने मला आत घेतले आणि माझ्या बापाला बाहेर ठेवले. बरोबर तेच सिंहाने एमेथच्या बाबतीत केले. पानिपतावरच्या भाषणांत इब्राहिमखान गारद्याचे नाव निघते तेव्हाही मला हीच बोच लागते. त्याच्या इमानाचे गोडवे गायले जातात, आणि ते अशा सुरात, जणू ते त्याच्यापाशी असणे ही नवलाची गोष्ट होती.

मित्राने वाद सोडला नाही. म्हणाला, लुईसच्या स्वर्गात आराव्हिसही आहे. खरे आहे. 'द हॉर्स अँड हिज बॉय' या १९५४ च्या पुस्तकातली ही कॅलोर्मेन सरदाराची मुलगी, धाडसी आणि तोंडाळ, मला फार आवडली. पण ती घर सोडून उत्तरेला पळाली, तिकडची राणी झाली. म्हणजे ताशबानच्या माणसाला दोन वाटा. एक तर पळून ये, नाहीतर तू मुळात तिकडचा नव्हतासच हे कबूल कर. तिसरी वाट, तिथला असून चांगला असण्याची, या सात पुस्तकांत कुठे नाही. शेवटी स्वर्गातून दूरवर ताशबान शहर दिसते, एका वाक्यापुरते. त्यात कोण राहते ते सांगितलेले नाही.

लुईसला दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते, असेही म्हणता येत नाही. त्याच १९५४ साली त्यांचे ऑक्सफर्डचे मित्र टोल्किन यांचे 'द टू टॉवर्स' निघाले. त्यातही दक्षिणेकडून आलेले सावळे शत्रू आहेत. पण त्यांच्यातला एक जण मरून पडतो तेव्हा सॅम नावाचा साधा माळी त्याच्याकडे पाहून मनाशी विचार करतो की याचे नाव काय असेल, हा कुठल्या गावचा, हा खरेच दुष्ट होता की कुणीतरी थापा आणि धाक दाखवून याला घरापासून इतक्या लांब आणले. मेलेल्या शिपायाला त्याचे घर परत देणारा तो एक परिच्छेद मला एमेथच्या सगळ्या स्वर्गापेक्षा मोठा वाटतो.

आता माकडाबद्दल. दोन देव एकच, हे वाक्य लुईसने एका लफंग्याच्या तोंडी घातले आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' ज्या भाषेत लिहिला गेला त्या भाषेच्या वाचकाला हे झोंबणारच. मलाही झोंबले. पण दुसऱ्या वाचनात मी लुईसच्या बाजूला गेलो. माकडाला देवांची एकी नको आहे, त्याला लाकडाचा ठेका हवा आहे. निवडणुकीच्या आधी मजारीवर चादर आणि देवळात नारळ घेऊन हिंडणारे आणि नंतर दोन्ही वस्त्यांचे पाणी तोडणारे आपण पाहिलेले आहेत. त्यांच्या 'सब एक है'वर एमेथ चिडतो तसेच चिडले पाहिजे. शेख महंमदांना त्या एकीपायी काही मिळाले नाही, उलट सोसावे लागले. फरक ओळखायची खूण तीच.

आणि आता स्वतःच्या अंगणात येतो, नाहीतर चाचांसारखी माणसे हा लेख दाखवत फिरतील. आपणही हेच करतो. आमच्या दादीला एका हिंदू डॉक्टरांनी मरणाच्या दारातून परत आणले, फी घेतली नाही. दादी मरेपर्यंत सगळ्यांना सांगत असे, "वो डागदर तो अंदर से मुसलमान है." आम्ही सगळे माना डोलवायचो. त्या डॉक्टरांच्या आईने रोज तुळशीला पाणी घालताना त्यांना काय शिकवले असेल, हे आमच्या मनातही आले नाही. दादीचा सिंह निराळा, पण हिशेबाची वही तीच. जर्मन धर्मपंडित कार्ल राहनर यांनी याच कल्पनेला पुढे 'अनामिक ख्रिस्ती' असे शास्त्रशुद्ध नाव दिले. दादीने ते नाव न वाचताच वापरले होते.

आपल्या परंपरेत दुसरेही आहे. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'फैसल अत्-तफरिका' या पुस्तकात लिहिले की ज्यांच्यापर्यंत संदेश पोचलाच नाही, किंवा वाकडातिकडा होऊन पोचला, ते माफीस पात्र आहेत; अल्लाहची रहमत विशाल आहे. हे पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. माफी हा शब्द मलाही टोचतो. पण गझाली दुसऱ्याची नेकी आपल्या नावावर चढवून घेत नाहीत. ती त्याचीच राहू देतात आणि निवाडा वर सोपवतात. सभ्यपणा तिथे सुरू होतो.

सुझनबद्दल लिहायला हवे म्हणून लिहितो. चार भावंडांतली ही मोठी बहीण लिपस्टिक आणि नायलॉनच्या मोज्यांत रमली म्हणून शेवटच्या पुस्तकात स्वर्गाबाहेर राहते. तिच्यावतीने खूप लिहिले गेले. नील गेमन यांनी २००४ साली तिच्यावर कथाच लिहिली. योग्यच झाले. फक्त तिला जेवढे वकील मिळाले तेवढे ताशबानच्या पखालवाल्याला मिळालेले मला दिसले नाहीत. २००५ ते २०१० या काळात नार्नियावर तीन मोठे चित्रपट आले, त्यांत या पुस्तकापर्यंत कुणी पोचलेच नाही. उद्या पोचले तर पगड्या काढतील, कांदा काढतील, कॅलोर्मेनांना निळे-जांभळे करतील. एमेथचा प्रसंग मात्र टाळ्यांसाठी ठेवतील.

संच आता वाचनालयात आहे. चाचांनी सातवे पुस्तक वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही असे ठेवले होते. ते कुणीतरी खाली आणले. कोण ते मी विचारले नाही.

भाचा पुण्याला निघायच्या आदल्या रात्री त्याने सातवे पुस्तक संपवले. अंगणात खाटेवर पडल्या पडल्या मी त्याला वरचे बरेचसे सांगितले, वडिलांची गोष्टही. तो ऐकत होता की झोपला होता कळेना. मग त्याने मोबाईलचा उजेड पाडून एमेथचे पान उघडले. एमेथ तिथे आपली ओळख सांगतो: तेहिशबान शहरातल्या हर्फा तरकानचा सातवा मुलगा. भाच्याने ते मोठ्याने वाचले. बापाचे नाव होते, गावाचे होते.

"मामू, और इसकी अम्मी?"

मी पुस्तक हातात घेतले आणि पुढची पाने चाळू लागलो.